टपालाने आलेला गुलाब

बाजारातून फुललेले झाड उचलून आणणे आणि शेकडो मैलांवरच्या नर्सरीतून टपालाने रोप मागविणे, या दोन व्यवहारांत वरवर पाहता अंतराचाच काय तो फरक दिसतो. परंतु खरा फरक त्याहून खोल आहे. बाजारात घेणारा फूल पाहतो, हुंगतो, पाकळ्या चाचपतो आणि मगच कनवटीला हात घालतो. टपालाने मागविणाऱ्याच्या हाती येतात त्या तीनचार निष्पर्ण काटेरी काड्या, ओल्या शेवाळात गुंडाळलेल्या मुळ्या, आणि एक चिठ्ठी. चिठ्ठीवर नाव असते. पैसे मोजलेले असतात ते या नावासाठी, कारण नुसती काडी पाहून गुलाबाची जात ओळखणे मुरलेल्या माळ्यालाही क्वचितच साधते. रोप लागेल, फुटेल, कळी धरील आणि कळी उमलेल, त्या दिवशी कळावयाचे की चिठ्ठी खरे बोलत होती की खोटे. मधल्या काही महिन्यांत घेणाऱ्याजवळ विश्वासावाचून दुसरे काहीच नसते.

हा विश्वास कसा निर्माण झाला, कशावर टिकला आणि कोठे फसला, याचा इतिहास दक्षिण हिंदुस्थानात पाहावयाचा तर म्हैसूर नगरीपासून आरंभ करणे सोयीचे आहे. समुद्रसपाटीपासून सुमारे अडीच हजार फूट उंचीवर वसलेल्या या नगरीला ना उत्तरेकडचे कडक हिव, ना विदर्भातला होरपळवणारा वैशाख. गुलाबाला येथे वर्षभर फुलण्याची मुभा आहे. शिवाय राजधानीचे गाव. राजाला बागांचा षौक असला की सरदारांना होतो, सरदारांना झाला की वकील, वैद्य आणि प्राध्यापक यांच्या अंगणापर्यंत तो पोहोचण्यास फार काळ लागत नाही. आणि जेथे षौक आहे पण हवी ती जात गावात मिळत नाही, तेथे ती लांबून मागविण्याची रीत आपोआप पडते.

लांबून झाडे मागविण्याची ही रीत म्हैसूर राज्यात टपालखात्याहून जुनी आहे. टिपू सुलतानाचे वकील १७८८ साली फ्रान्सच्या सोळाव्या लुईच्या दरबारी गेले, ते मुख्यतः इंग्रजांविरुद्ध लष्करी मदत मागण्यासाठी. ती मदत मिळाली नाही. परंतु त्यांच्या मागण्यांत कारागिरांबरोबर बागवान आणि फुलाफळांची बियाणीही होती. राज्य पणाला लागले असताना बियाण्यांची आठवण ठेवणाऱ्या त्या सुलतानाच्या बागांचे वर्णन फ्रान्सिस बुकानन या प्रवाशाने केले आहे. टिपूच्या पाडावानंतर लगेच, १८०० साली, तो बंगळुरास आला होता. सरूंच्या रांगांनी दुभागलेले चौरस वाफे आणि एका वाफ्यात एकाच जातीची झाडे, अशी ती रचना त्याला दिसली. एक अख्खा वाफा गुलाबांचा, दुसरा डाळिंबांचा. गुलाबांमध्ये पोटभेद करून प्रत्येकाला वेगळे नाव देण्याची गरज त्या काळी कोणाला भासत नव्हती. अत्तर काढावयाचे, गुलकंद घालावयाचा, दरबारात फूल हुंगावयाचे. त्याला गुलाब एवढे नाव पुरे होते.

नावांचा विषय निघालाच आहे तर येथे थोडे थांबण्यास हरकत नाही. ‘गुलाब’ हा शब्दच मुळी फुलाचा नव्हे. फारसीत गुल म्हणजे फूल आणि आब म्हणजे पाणी. गुलाब म्हणजे गुलाबपाणी. कुपीतल्या अर्काचे नाव आपल्याकडे झाडाला चिकटले. संस्कृत निघंटूंत शतपत्री, तरुणी अशी नावे भेटतात. हिंदीत पांढऱ्या देशी गुलाबाला सेवती म्हणत आले आहेत. तोच शब्द मराठीत शेवंती आणि कानडीत सेवंतिगे होऊन अगदी निराळ्या फुलावर जाऊन बसला. झाडे प्रवास करतात तशी नावेही करतात, आणि दोघे नेहमी एकाच मुक्कामी उतरतात असे नाही.

याचे सर्वांत मासलेवाईक उदाहरण म्हणजे ‘रोझा इंडिका’. लिनीअसने १७५३ साली हे नाव ज्या गुलाबाला दिले तो चिनी होता. त्या काळच्या युरोपाला पूर्वेकडील सारा मुलूख ‘इंडीज’च होता, तेव्हा नाव पडले ते हिंदी. पुढे अठराव्या शतकाच्या अखेरीस चीनमधील बारमाही फुलणारे गुलाब जिवंत स्वरूपात विलायतेस जाऊ लागले, तेही ईस्ट इंडिया कंपनीच्या जहाजांतून. त्यांतील गडद तांबडा, जो पुढे स्लेटर नावाच्या कंपनीच्या संचालकाच्या नावाने ओळखला गेला, तो कलकत्त्यामार्गे गेला. युरोपातील बहुतेक जुने गुलाब वर्षातून एकदाच बहरत. चिनी रक्त त्यांत मिसळले आणि आजच्या सर्व बारमाही गुलाबांचा वंश सुरू झाला. या व्यवहाराचा काही भाग कलकत्त्याच्या घाटावरून गेला म्हणून चिनी फुलावर हिंदी नावाचा शिक्का अधिकच पक्का झाला. गंमत अशी की त्याच वंशातील एक काटक झुडूप, ‘इंडिका ओडोराटा’ या नावाने, आज उत्तर भारतात कलमे बांधण्यासाठी वापरतात. चीनमधून निघालेला प्रवासी चुकीच्या पत्त्याची चिठ्ठी गळ्यात बांधून अखेर त्या पत्त्यावर येऊन राहिला!

परंतु त्या जहाजी वाहतुकीची किंमत भयंकर होती. खारा वारा, गोड्या पाण्याचा तुटवडा, उंदीर आणि खलाशांची बेपर्वाई यांतून एखादेच रोप तगे. मकाव येथे राहणाऱ्या जॉन लिव्हिंगस्टन या डॉक्टराने १८१९ साली हिशेब मांडला की चीनमधून निघालेल्या हजार झाडांपैकी एखादेच इंग्लंडला जिवंत पोहोचते. लंडनच्या नॅथॅनियल वॉर्ड या दुसऱ्या डॉक्टराने बंद काचेच्या पेटीत रोपे आपल्याच बाष्पावर जगतात हे दाखविले आणि १८३३ साली अशा पेट्या सिडनीला पाठवून ते सिद्ध केले, तेव्हा कोठे हे प्रमाण पालटले. वॉर्डची पेटी हीच आजच्या रोपांच्या पार्सलाची आजी म्हणावयास हरकत नाही.

आता दुसरे एक रोप पाहावयाचे, कारण या कथेत ते पुन्हा पुन्हा डोके वर काढणार आहे. हिंदी महासागरातील रियुनियन बेटाला त्या काळी बूर्बों म्हणत. तेथील जमीनदार शेतांना गुलाबांची कुंपणे करीत. काही चिनी गुलाबांची, काही दमास्क जातीची. १८१७ साली बेटावर आलेल्या निकोला ब्रेओं या वनस्पतिशास्त्रज्ञाच्या नजरेस त्या कुंपणांत या दोहोंच्या संकरातून आलेले एक झाड पडले. बेटावरचे लोक त्याला ‘एदुआर’ म्हणत. त्याचे बी पॅरिसला गेले आणि युरोपात ‘बूर्बों’ गुलाबांचे घराणे उभे राहिले. मूळ झाड बेटावरच जन्मले की कलकत्त्याहून तेथे गेले, याविषयी अभ्यासकांत वाद आहे. निर्विवाद गोष्ट अशी की ‘एडवर्ड’ या नावाने तो गुलाब भारतात रुजला, तमिळ मुलखात हारांसाठी आणि गुलाबपाण्यासाठी शेतांतून लावला जाऊ लागला, आणि कलमांचा खुंट म्हणूनही नर्सरीवाल्यांच्या हाती आला. युरोपात त्याची नातवंडे राजवाड्यांत मिरवीत होती. येथे आजोबा मळ्यात राबत होते.

विलायतेतील नर्सरीवाल्यांनी या नव्या वंशातून एकोणिसाव्या शतकात शेकडो जाती काढल्या. ‘मारेशाल नील’ १८६४ ची, ‘ला फ्रान्स’ १८६७ ची, ‘पॉल नेरों’ १८६९ ची. या जाती हिंदुस्थानात राहणाऱ्या साहेबांना हव्या होत्या, आणि साहेबांच्या पाठोपाठ येथील संस्थानिकांनाही. बंगालमधील फर्मिंजर नावाच्या पाद्र्याने बागकामावर पुस्तक लिहिले, पुण्याच्या विज्ञान महाविद्यालयातील वुड्रो यांनी पश्चिम हिंदुस्थानच्या हवेचा विचार करून दुसरे लिहिले. पुण्यातील एम्प्रेस गार्डन सांभाळणारी कृषी-उद्यानविषयक संस्था तर १८३० पासूनची. पुस्तके होती, संस्था होत्या, षौक होता; कमी होती ती रोप दारापर्यंत पोहोचविणाऱ्या यंत्रणेची.

ती यंत्रणा तीन पावलांनी आली. १८५४ साली अंतर कितीही असो, पत्राला अर्धा आणा, असा एकच दर ठरला. १८७७ साली व्ही. पी. ची पद्धत सुरू झाली. आणि १८८० साली मनीऑर्डर टपालखात्याकडे आली. यांतील व्ही. पी. ची युक्ती विशेष ध्यानात घेण्यासारखी आहे. विकणाऱ्याने माल पाठवावयाचा, टपालवाल्याने दारात पैसे घेऊन तो द्यावयाचा, आणि ते पैसे विकणाऱ्याकडे परत पोहोचवावयाचे. एकमेकांचे तोंडही न पाहिलेल्या दोन माणसांमध्ये सरकारी खाते मध्यस्थ म्हणून उभे राहिले. मराठी घरांत पुस्तके, औषधे, घड्याळे आणि बियाणी ‘व्ही. पी. ने मागविणे’ हा वाक्प्रचारच होऊन बसला. पुण्यात १८८४ साली निघालेल्या पेस्तनजी पोचा यांच्या बियाण्यांच्या पेढीची सूचिपत्रे दूरदूरच्या बंगल्यांतून वाचली जात. दक्षिणेत आगगाडी १८८२ च्या सुमारास म्हैसूरला येऊन ठेपली, आणि शतक संपण्याच्या आत पुण्याहून मिरज, बेळगाव, हुबळी या वाटेने थेट बंगळूर-म्हैसूरपर्यंत मीटरगेज रुळांची साखळी पुरी झाली. सदर्न मराठा रेल्वे हे तिच्यावर धावणाऱ्या कंपनीचे नाव. मोठे पार्सल रेल्वेने, लहान टपालाने, अशी मग वाटणी झाली.

या वाटेने केवळ रोपेच गेली असे नाही. मराठी संस्थानातून म्हैसूरकडे एक माळीही गेला. गुस्ताव्ह हेर्मान क्रुम्बीगल हा १८६५ साली ड्रेस्डेनजवळ जन्मलेला जर्मन. लंडनच्या क्यू उद्यानात काम केलेला. नाशिक जिल्ह्यातील कवळाणे गावच्या शेतकरी घरातून बडोद्याच्या गादीवर आलेले सयाजीराव महाराज गुणी माणसे कोठूनही वेचून आणीत. त्यांनी १८९३ साली क्रुम्बीगलला बडोद्याच्या बागांसाठी आणले. तेथे दीड तप काढण्याच्या आतच म्हैसूरचे चौथे कृष्णराज वडियार यांची नजर त्याच्यावर गेली, आणि १९०८ च्या सुमारास तो बंगळूरच्या लालबागेचा प्रमुख झाला. तो १९३२ पर्यंत त्या जागी होता. जर्मन जन्मामुळे महायुद्धाच्या काळात त्याला स्थानबद्धताही भोगावी लागली, तरी त्याने हा मुलूख सोडला नाही. १९५६ साली बंगळुरातच त्याने देह ठेवला.

क्रुम्बीगलची कीर्ती आहे ती रस्त्याकाठच्या फुलझाडांबद्दल आणि कृष्णराजसागराजवळच्या वृंदावन उद्यानाशी जोडलेल्या त्याच्या नावाबद्दल. गुलाबांच्या दृष्टीने मात्र त्याचे महत्त्व निराळे आहे. परदेशी उद्यानांशी रोपांची आणि बियांची देवघेव करणे, आलेल्या प्रत्येक वस्तूची नोंद ठेवणे, आणि ती येथील हवेत तगते की नाही हे पाहिल्यावरच लोकांना देणे, ही शिस्त लालबागेत त्याच्या आधीच्या कॅमेरॉनने घातली होती आणि याने ती वाढविली. म्हैसूर उद्यान मंडळ १९१२ साली निघाले, पुष्पप्रदर्शने होऊ लागली. लालबागेला लागून असलेल्या सिद्धापुरात नर्सऱ्यांची वस्ती वाढली. १९१४ च्या कीडप्रतिबंधक कायद्याने परदेशातून रोपे आणणे कठीण केले, तेव्हा देशातच गुलाब वाढवून देशातच पाठविणाऱ्यांचा धंदा भरभराटीस येणे क्रमप्राप्त होते. महाराष्ट्रातील कित्येक हौशी लोकांना ‘बंगळूरचा गुलाब’ हा शब्दप्रयोग माहीत झाला तो या धंद्यामुळे.

या धंद्यातील एक नाव वगळून पुढे जाता येणार नाही. के. एस. गोपालस्वामी अय्यंगार यांचे ‘कंप्लीट गार्डनिंग इन इंडिया’ हे इंग्रजी पुस्तक १९३५ साली प्रसिद्ध झाले आणि त्याच्या आवृत्त्या पुढे अनेक दशके निघत राहिल्या. त्यांच्या नावाची आद्याक्षरे धारण करणारी बंगळूरची गुलाबांची नर्सरी टपालाने रोपे पाठविण्यासाठी देशभर ओळखली गेली. येथे एक खुलासा करणे बरे. त्याच १९३५ साली म्हैसुरात दुसऱ्या एका गोपालस्वामींनी, महाराजा कॉलेजातील मानसशास्त्राच्या प्राध्यापकांनी, आपल्या घरातून एक खासगी नभोवाणी केंद्र सुरू केले आणि त्याला ‘आकाशवाणी’ हे नाव दिले. तेच नाव पुढे सबंध राष्ट्राच्या नभोवाणीने उचलले. एकाचे फूल टपालाने घरोघर गेले, दुसऱ्याचा शब्द हवेतून. दोघांची गल्लत मात्र होऊ नये.

आता ते पार्सल उघडून पाहू. पाठविण्यासाठी निवडलेले रोप जमिनीतून उकरून काढतात. काही ठिकाणी मुळ्यांभोवती मातीची हुंडी ठेवतात, काही ठिकाणी मुळ्या धुऊन उघड्या करतात. उघड्या मुळ्यांचे रोप हलके, म्हणून हशील कमी. पण वाटेत सुकण्याचा धोका अधिक. पाने खुडून टाकतात, कारण पान म्हणजे पाणी उडून जाण्याची वाट. फांद्या हातभर ठेवून छाटतात. मुळ्यांना ओले शेवाळ, वर केळीचे सोपट अथवा गोणपाट, आणि प्रत्येक रोपाला चिठ्ठी. उत्तरेत आणि बंगालमध्ये थंडीत झाड विसावते, तेव्हा कार्तिक ते माघ हा पाठवणीचा हंगाम. म्हैसूर-बंगळूरकडे झाडाला तशी गाढ झोप नाही. म्हणून तेथील नर्सरीवाल्याला रोप जागेपणीच प्रवासाला धाडावे लागते आणि बांधणीत अधिक कौशल्य दाखवावे लागते. पार्सल आले की जाणते लोक ते सावलीत उघडतात, मुळ्या रात्रभर बादलीत बुडवून ठेवतात आणि दुसऱ्या दिवशी कलते ऊन पाहून लावतात.

हा व्यवहार दोन्ही बाजूंनी नाजूक आहे. घेणाऱ्याने व्ही. पी. परत केली तर पुस्तक पुन्हा कपाटात जाते, घड्याळ पुन्हा विकता येते. गुलाब मात्र परतीच्या वाटेत मरतो. म्हणून काही रक्कम आगाऊ पाठवावी, ही सूचिपत्रांतील अट. ती पुष्कळांना उर्मटपणाची वाटे, पण तिच्यामागे कित्येक वाळलेल्या गठ्ठ्यांचा अनुभव होता. उलट बाजूने पाहता व्ही. पी. ने घेणाऱ्याला जे संरक्षण दिले ते एवढेच की रिकाम्या हाती पैसे जाणार नाहीत. पैसे दिले की पार्सल हाती पडेल, एवढीच हमी टपालखाते देई. रोप कोणते, याची हमी देणारा मधला कोणी नव्हता. ती हमी होती केवळ नर्सरीवाल्याच्या अब्रूची. एखादी जात संपली असता तिच्या जागी ‘तत्सम’ रोप घालण्याचा मोह, डोळे भरताना काड्यांची झालेली अदलाबदल, पावसात पुसलेली शाई. यांपैकी काहीही घडले तरी ते उघड होणार पुढच्या बहरात, तेही घेणाऱ्याला मूळ फूल ठाऊक असेल तर. म्हणूनच या धंद्यात ज्या पेढ्या टिकल्या त्या स्वस्ताईमुळे टिकल्या नाहीत. चिठ्ठी खरी निघते, असा बोलबाला झाला त्या टिकल्या.

आणि चिठ्ठी खरी असूनही फसगत होऊ शकते, हे गुलाबाचे वैशिष्ट्य आहे. मागविलेला गुलाब हा खरे तर दोन झाडांचा संसार. वर नामांकित जातीचा डोळा, खाली रानवट खुंट. उत्तरेकडे खुंट ‘एडवर्ड’चा किंवा ‘इंडिका ओडोराटा’चा, बंगालमध्ये आणि दक्षिणेत बहुधा बारीक पांढऱ्या फुलांच्या ‘मल्टिफ्लोरा’चा. नामांकित भाग नाजूक, खुंट दणकट. सांध्याखालून एखादा हिरवागार, सरळसोट फुटवा निघतो. नवखा बागवान हरखून जातो, त्याला पाणी घालतो, आधाराला काठी देतो. दोन पावसाळ्यांत खुंट वरच्या जातीचे अन्न तोडतो आणि ती निमूटपणे वाळून जाते. चिठ्ठी काठीला लटकलेली असते, पण तिने ज्याचे नाव घेतले तो केव्हाच गेलेला असतो. दिल्ली-लखनौकडील कित्येक जुन्या बंगल्यांच्या आवारात आज जो गुलाब फुलतो तो मालकाने कधी मागविलाच नव्हता. सूचिपत्रातले फ्रेंच सरदार गेले, आणि त्यांना खांद्यावर घेऊन आलेला एडवर्ड उरला. सांध्याखालचा फुटवा मातीपर्यंत उकरून मुळापासून उपटावा, वरवर कापू नये, असे बागकामाची पुस्तके शंभर वर्षे सांगत आली आहेत. ती सूचना अजून छापावी लागते यावरून ती किती पाळली जाते ते दिसतेच.

विसाव्या शतकात नावांचा गोंधळ निराळ्या अंगाने वाढला. फ्रान्समधील फ्रांसिस मेयाँ याने काढलेल्या पिवळ्या, गुलाबी कडांच्या एका गुलाबाचे डोळे १९३९ साली, युद्ध पेटण्याच्या सुमारास, जर्मनीला, इटलीला आणि अमेरिकेला रवाना झाले. मग सीमा बंद झाल्या, टपाल तुटले. पाचसहा वर्षे कोणाला कोणाची वार्ता नाही. पण डोळे सर्वत्र जगले होते आणि प्रत्येक देशाने त्यांना आपापले नाव दिले होते. फ्रान्सने ‘मादाम मेयाँ’, जर्मनीने ‘ग्लोरिया देई’, इटलीने ‘जोइया’, आणि अमेरिकेने २९ एप्रिल १९४५ रोजी ‘पीस’. आपल्याकडे आला तो ‘पीस’ होऊन. १९६० चा शेंदरी ‘सुपरस्टार’ अमेरिकेत ‘ट्रॉपिकाना’ म्हणून विकला गेला. दोन सूचिपत्रांतून दोन्ही नावांनी मागविणाऱ्या हौशी माणसाच्या अंगणात एकच गुलाब दोनदा येई. अमेरिकेने १९३० साली रोपांनाही पेटंट देण्याचा कायदा केला आणि पहिले पेटंट मिळाले ते ‘न्यू डॉन’ या गुलाबालाच. भारतात नव्या वाणांच्या हक्कांचा कायदा झाला तो २००१ साली. मधल्या काळात परदेशी जाती येथे मुक्तपणे डोळे भरून वाढल्या, आणि त्याबरोबर त्यांची नावेही ज्याच्या त्याच्या जिभेप्रमाणे वळली.

येथे डॉ. बेंजामिन पिअरी पाल यांचे ऋण मान्य केले पाहिजे. गव्हाच्या संशोधनात आयुष्य घालविलेल्या, पुढे भारतीय कृषी अनुसंधान परिषदेचे पहिले महासंचालक झालेल्या या शास्त्रज्ञाने गुलाबाचा छंद शास्त्राच्या शिस्तीने केला. ‘दिल्ली प्रिन्सेस’, ‘बंजारन’, ‘डॉ. होमी भाभा’ या त्यांच्या जाती; आणि १९६६ साली निघालेला ‘द रोझ इन इंडिया’ हा त्यांचा ग्रंथ. भारतीय हवेत जन्मलेल्या गुलाबाला भारतीय नाव मिळणे, आणि त्या नावाची नोंद छापील पानावर राहणे, या दोन्ही गोष्टी तोवर दुर्मिळ होत्या.

नाव टिकविण्याचे काम हौशी माणसे करतात, आणि नाव पुसण्याचे काम बाजार करतो, असे सरसकट म्हटले तर ते बाजारावर अन्याय करणारे होईल. महाराष्ट्रातच पाहा. १९५५ चा ‘ग्लॅडिएटर’ हा गुलाब येथील फुलशेतीत इतका पसरला की पुण्या-नाशकाकडच्या शेतकऱ्यांच्या बोलीत ते परके नाव जसेच्या तसे रुजले. बाजाराला त्या नावाची गरज होती, म्हणून ते राहिले. याउलट म्हैसूरच्या दसऱ्यात भरणाऱ्या पुष्पप्रदर्शनासारख्या ठिकाणी नाव हेच फुलाचे निम्मे मोल. बाटलीत खोचलेल्या एकेका फुलापुढे चिठ्ठी असते आणि हौशी लोक फुलाआधी चिठ्ठी वाचतात. एखाद्याच्या घरी तीस वर्षांपूर्वी पार्सलाने आलेले झाड अजून फुलत असते, पण चिठ्ठी हरवलेली, मागविणारा निवर्तलेला, नर्सरी बंद पडलेली. अशा अनाम गुलाबांची ओळख पटविणे हे आता जगभर एक स्वतंत्र शास्त्र होऊन बसले आहे. पाकळ्यांची संख्या, काट्यांची वळणे, पुष्पकोशावरचे केस, वास, आणि जुन्या सूचिपत्रांतील वर्णने हाच त्याचा पुरावा. आजोबांनी रद्दीत न घालता जपलेले सूचिपत्र अशा वेळी दस्तऐवजाच्या मोलाचे ठरते. दक्षिणेत कोडाईकनालच्या विरराघवन दांपत्याने जुने गुलाब शोधून जपले, आणि मणिपुरातील प्रचंड वाढणाऱ्या ‘रोझा जायगँटिया’पासून व पाणथळीत तगणाऱ्या ‘रोझा क्लिनोफिला’पासून उष्ण हवेला साजेल अशी संतती काढली. म्हणजे ज्यांना खरोखर ‘इंडिका’ म्हणावे असे गुलाब अखेर संकराच्या कामी आले, तेही लिनीअसनंतर सव्वादोनशे वर्षांनी.

अलीकडे व्ही. पी. ची जागा फोनवरून भरलेल्या पैशांनी आणि टपालवाल्याची जागा कुरिअरच्या पोऱ्याने घेतली आहे. शेवाळाऐवजी नारळाचा भुसा, गोणपाटाऐवजी पुठ्ठ्याचे खोके. सूचिपत्रातील काळ्या अक्षरांच्या वर्णनांऐवजी आता रंगीत चित्रे पाहून रोप निवडतात, आणि तेथेच जुना विश्वास नव्याने कसाला लागतो, कारण चित्रात गुलाब निळाही असतो. गुलाबाच्या कुळात निळा रंग देणारे डेल्फिनिडिन हे द्रव्यच नाही. जपानमध्ये दुसऱ्या फुलाचे जनुक घालून २००४ साली जो ‘निळा’ गुलाब जाहीर झाला आणि २००९ साली विक्रीस आला, तोही प्रत्यक्षात फिकट जांभळा आहे. निळ्या गुलाबाचे रोप वा बी म्हणून जे काही स्वस्तात घरपोच येते, ते लावल्यावर नशीब चांगले असेल तर गुलाबी फूल येते. वर्णनाच्या मजकुराने अतिशयोक्ती केली तर वाचणारा मनाशी काही वजावट करीत असे. चित्रातून ती वजावट करण्याची सवय अजून व्हावयाची आहे.

म्हैसूरच्या देवराज मार्केटात सकाळी फुलांचे ढीग पडतात. जाई, कनकांबर, सेवंतिगे, आणि बारीक गुलाबी गुलाबांचे तट्टे. माळ करणाऱ्या हातांना ते गुलाब कोणाच्या वंशातले आहेत याच्याशी कर्तव्य नसते. घेणारा भाव विचारतो, मूठभर फुले नाकाशी नेतो आणि पिशवी पुढे करतो.